तिसऱ्या खुंटीवरचा वाडगा

प्लुमोरव्हान,
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय एनोरा,

आधी दोन्ही गालांवर पापे, मग बाकीचं.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. कोणी गेलेलं नाही. म्हणजे माणसांपैकी कोणी नाही. आपली विमान कंपनी गेली, पण ते तुमच्या नॉर्वेतही छापून आलं असेल. इकडे पाऊस आहे, नेहमीसारखा आडवा. माझी तब्येत छान. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. फोन केला असता, पण फोनवर मी मुद्दा सोडून सगळं बोलते आणि तू मुद्द्यापलीकडचं काही ऐकून घेत नाहीस. बापाची लेक!

म्हणून मुद्दा आधीच सांगते. म्हातारी, आपलं ते जुनं विमान, विकली गेली. तुमच्याच कंपनीनं घेतली. वीस मार्चला शनिवारी तुमच्याकडून दोन वैमानिक येऊन तिला बर्गनला घेऊन जाणार. त्या दोघांत तू असावीस असं मला वाटतं. हे तुझ्या बाबांनी सांगितलेलं नाही. मी लिहितेय हे त्यांना कळलं तर ते मला घराबाहेर... म्हणजे बोलणं टाकतील माझ्याशी. तुमचं दोघांचं तीन वर्षं बंदच आहे, त्यात माझी भर नको.

झालं. सांगून टाकलं. आता जरा बरं वाटतंय, आणि तरी बसवत नाहीये. हे पत्र मी ओट्याशी उभी राहून लिहितेय. कंपनी बंद झाल्यापासून माझे पाय जागेवर ठरत नाहीत. परवा चर्चमध्ये पाद्रीबाबा बोलायला उभे राहिले आणि मी सवयीनं मागे वळून पाहिलं, कोणाचा पट्टा लावायचा राहिलाय का. मोर्लेच्या बसमध्ये एका बाईला मी तिची पिशवी सीटखाली सरकवायला लावली. तिनं सरकवलीसुद्धा! मग विचारलं, तुम्ही कोण?

आपली कंपनी कशी सुरू झाली ते तू बाबांच्या तोंडून ऐकलं असशील, पण ते विमानतळावरच्या त्यांच्या आगीच्या बंबापासून सुरुवात करतात. खरी सुरुवात गाइतच्या बारमध्ये झाली. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतीस. केरबिरियू म्हातारबांचा आर्टिचोक आणि फ्लॉवरचा व्यापार. एकदा पॅरिसच्या बैठकीला जाताना त्यांची आगगाडी चुकली. पुढच्या गाडीची वाट बघत ते बारमध्ये बसले आणि पेला संपायच्या आत त्यांनी ठरवलं की आता विमानच घ्यायचं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलेलंच होतं. आर्टिचोकचं एक अख्खं शेत सपाट करून त्यांनी धावपट्टी केली आणि तिकिटं गाइतच्या गल्ल्यावर, सिगरेटच्या पाकिटांशेजारी विकायला ठेवली.

मी तिथे पेले पुसायची. एक दिवस म्हणाले, "मारिव्हॉन, तुला ओकारी येते का?"

"कशाची?"

"बोटीत, गाडीत, कशातही."

"नाही बा."

"मग सोमवारपासून ये."

एवढीच माझी मुलाखत. गावातली पोरं मला हवाई सुंदरी म्हणून चिडवायची. पुढे पुढे हवाई मावशी म्हणू लागली, आणि ते नाव तूच पाडलंस. थर्मासमधली कॉफी आणि केरबिरियूबाईंच्या हातचा खारट लोण्याचा केक, तो मी हवेत सुरीनं कापायची. खड्डा लागला की केक एकीकडे, सुरी दुसरीकडे. मासळीवाले, वकील, नवऱ्याला न सांगता बहिणीकडे निघालेल्या बायका, सगळे एकाच केकचे तुकडे खायचे.

मग म्हातारी आली. तेव्हा ती म्हातारी नव्हती, नवी कोरी होती, दोन पंख्यांची, शेपटीवर आपल्या कंपनीचा पांढरा गोएलाँ, तो समुद्रपक्षी. तुझे बाबा बंब घेऊन उभे होते आणि त्यांच्या आयुष्यातली पहिली सलामीची पाण्याची कमान त्यांनी तिच्यावर धरली. तू आईच्या खांद्यावर होतीस आणि भिजलीस म्हणून भोकाड पसरलंस. तुझी आई हसत होती. ती गेली, पण ते हसू मला अजून आठवतं.

पुढची वीस वर्षं आम्ही वरच चढत गेलो. सकाळ-संध्याकाळ लहान लहान गावांतून आपली विमानं लियाँला गोळा व्हायची, माणसं या विमानातून त्या विमानात पळायची आणि पुन्हा सगळे आपापल्या वाटेनं उडायचे. एर गोएलाँ उतरत नाही असं शहर नकाशावर शोधावं लागायचं. केरबिरियू म्हातारबा लियाँच्या विमानतळावर काचेमागे उभे राहून ती धावपळ बघायचे आणि म्हणायचे, "माझा बाजार."

ते गेले, मुलांनी विकलं, आणि पॅरिसहून साहेब आले. त्यांच्या तोंडात सतत "झेप" हा शब्द. जेट विमानं आली, आम्हाला न झेपणारी. करड्या रंगाचा गणवेश आला, तो खांद्यात कोणालाच बसायचा नाही. केक बंद झाला. त्याच्या जागी चांदीच्या कागदात एक बिस्किट आलं, ते तोंडात टाकलं की थेट घशाला चिकटायचं. तू तेव्हा नुकती म्हातारीवर सहवैमानिक झाली होतीस. राजीनामा दिलास आणि निरोपाच्या पेयपानाला, सगळ्यांसमोर, सायडरचा पेला हातात घेऊन म्हणालीस, "ही जेटं आपल्याला बुडवणार." आणि तुझे बाबा म्हणाले, "बोट बंदराला असतानाच उडी मारणारा उंदीर मी पहिल्यांदा बघतोय." मी मधे पडायला हवं होतं असं नाही, तुमच्या मधे कोण पडणार. पण तू खरं बोललीस, हे आता सगळं गाव मान्य करतं. त्यांच्यासकट. तोंडानं नाही करत. सकाळी कॉफीचा घोट घेतल्यावर गप्प बसतात त्यावरून कळतं.

तू गेल्यावर काय काय झालं ते ऐक. वेगवान आगगाडी आली, बसच्या भाड्यात उडवणारे आले, आणि न्यूयॉर्कचे ते मनोरे पडल्यावर तर लोकांनी विमानाकडे पाठच फिरवली. प्रकरण कोर्टात गेलं. वर्तमानपत्रात आलं की शुक्रवारी संध्याकाळचं उड्डाण शेवटचं. मग आम्ही काय केलं असेल? जे आपण नेहमी करतो तेच. केरबिरियूबाईंनी या वयात केक केला. गाइतनं बार बंद ठेवून अख्खा बार विमानतळावर आणला. मी माइकवर बोलताना रडले, प्रवासी रडले, एका पाहुण्या जर्मन माणसाला काहीच कळत नव्हतं तोही रडला. तुझ्या बाबांनी दोन्ही बाजूंनी कमान धरली. घरी येऊन मी गणवेश धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला.

सोमवारी कोर्टानं मुदत दिली.

कपाटातून गणवेश बाहेर. प्रवासी मला बघून ओशाळले, मी त्यांना बघून. ख्रिसमसच्या आधी पुन्हा शेवटचं उड्डाण. पुन्हा केक, पुन्हा रडणं, पुन्हा कमान. पुन्हा मुदत! वसंतात तिसऱ्यांदा. तेव्हा गाइत म्हणाली, "मारिव्हॉन, मला आता रडू येत नाही गं. आधी तुम्ही नक्की मरा, मग बोलवा." आणि बाबांनी बंबाचं दार धाडकन लावून जाहीर केलं, "यापुढे पाणी नाही. खोट्या मयताला मी येणार नाही."

त्यामुळे खरं शेवटचं उड्डाण झालं तेव्हा ते शेवटचं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. नोव्हेंबरमधला पावसाळी गुरुवार, लियाँहून परत, विमान अर्धं रिकामं. उतरल्यावर मी माइकवर म्हटलं, "लवकरच पुन्हा भेटू अशी आशा आहे." दाराशी उभी राहून पुढच्या आठवड्याची भाजी मनात ठरवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कार्डानं दार उघडेना. मला वाटलं, कार्ड ओलं झालंय. मी ते स्कर्टला पुसत राहिले.

एनोरा, त्या दिवशी कोणीही कमान धरली नाही. तुझ्या बाबांना ते सलतंय. बंब आता दुसऱ्या विमानतळानं नेला, त्यांना लवकर निवृत्त केलं. जेटं ज्यांची होती त्यांनी नेली. उरली एकटी म्हातारी, इंजिनांना चिकटपट्ट्या लावून उभी, अंगावर खऱ्या गोएलाँची घाण. बाबा रोज विमानतळाच्या जाळीपाशी जाऊन तिला बघून येतात. पहाटे उठून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतात, लाकडी जमीन कुरकुरते, मग झोप कशी लागणार? तुझ्या नावाचा कॉफीचा वाडगा अजून तिसऱ्या खुंटीवर टांगलेला आहे. त्यात ते पीत नाहीत, पण दर रविवारी पुसतात.

ये. ते काही म्हणणार नाहीत. काही म्हणाले तर मी आहे.

तुझी,
मारिव्हॉन मावशी


प्लुमोरव्हान,
१ मार्च २००४

प्रिय एनोरा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. शाळेतून तू मला याहून मोठी पत्रं लिहायचीस.

पहिल्या ओळीत तू बरी आहेस, हे वाचून आनंद झाला. दुसरीत तू नाही म्हणतेस. तिसरीत लिहितेस, "माझ्या शेवटच्या उड्डाणाला त्यांनी दारं बंद ठेवली होती, मी विसरलेले नाही." आणि चौथीत विचारतेस, बाबा पहाटे स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतात हे मला कसं माहीत.

चौथीचं उत्तर सोपं आहे. गाव लहान आहे, रस्ता अरुंद आहे, आणि मला झोप येत नाही.

तिसरीचं उत्तर मी द्यावं की नाही यावर आठवडाभर घासाघीस झाली. माझी माझ्याशीच, दुसरं कोण असणार. पण लिहिते. आपल्याकडे वैमानिक सोडून चालला की शेवटच्या फेरीला बंबवाले कमान धरतात. मग त्याच्याशी भांडण असो, जुनं वैर असो, पाणी सगळ्यांना सारखं. तुला मिळालं नाही. म्हातारी घेऊन तू बंबाच्या शेडच्या दारांवरून गेलीस आणि दारं बंद होती. मी त्या दिवशी तुझ्याच विमानात मागे होते, तू वळवताना थोडी थांबलीस ते मला पोटात कळलं.

तुझे बाबा आत होते. बंबात बसले होते, इंजिन चालू करून. एवढं त्यांनी मला सांगितलं, सूप पिताना, वर न बघता. म्हणाले, "चालू होतं. फक्त दार उघडायचं होतं." मी विचारलं, "मग?" म्हणाले, "मग काय. दार उघडलं असतं तर ती खरंच गेली असं झालं असतं." आणि मग मीठ मागितलं.

हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची दारं तोडून आत शिरत आला, आगीत. स्वतःचं एक दार त्याला उघडता आलं नाही. मला राग येतो त्यांचा. कधी कधी इतका राग येतो की मी अंगणात जाऊन लाकडं रचत बसते. पण तुझाही येतो. तीन वर्षं! ख्रिसमसचं कार्ड पाठवतेस, त्यावर फक्त सही. ते कार्ड ते चुलीवरच्या फळीवर ठेवतात आणि इस्टरपर्यंत हलवू देत नाहीत. धूळ पुसायलासुद्धा.

तू नाही आलीस तरी म्हातारी जाणारच आहे. कोणी तरी उंच, गोरा, सभ्य नॉर्वेजियन येईल, सह्या करील, घेऊन जाईल. वाईट काही होणार नाही. फक्त तुझे बाबा त्या दिवशी जाळीबाहेर उभे राहतील आणि एक परका माणूस ते सगळं घेऊन जाताना बघतील. त्यानंतर ते जाळीपाशी जायचे बंद होतील. मग कुठे जातील? मला त्याचीच धास्ती आहे. माणूस असा घरातल्या घरात संपतो, मी पाहिलंय.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे. पण ती पत्रात नको. भेटलीस तर सांगेन. आली नाहीस तर काही तरी मार्ग काढीन. काळजीचं नाही, आजारपण वगैरे काही नाही. हे वाक्य वाचून तू उलट काळजी करशील, पण खोडून टाकलं तर आणखीच करशील, म्हणून राहू दे.

शनिवार, वीस. सकाळी.

तुझी, तुझ्यावर रागावलेली,
मारिव्हॉन मावशी


जोबचं घर, प्लुमोरव्हान,
२१ मार्च २००४

प्रिय एनोरा,

वरचा पत्ता वाचलास ना, तुझ्या बाबांच्या घरचा? मी एवढी मोठी बाई, आणि तो लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

तू पोहोचलीस हा निरोप मिळाला. म्हातारीनं वाटेत त्रास दिला नाही, हेही. आता तिला तिकडे धुताहेत असं ऐकते. धुवायलाच हवं. तुम्ही विमानात होतात, तुम्हाला समोरच्या काचेतून दिसलं तेवढंच दिसलं. जमिनीवर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय. शिवाय तुझ्या बाबांनी तुला उद्देशून जे म्हटलं ते पंख्यांच्या आवाजात तुला ऐकू गेलं असणं शक्यच नाही.

तू येणार हे गुरुवारी कळलं तेव्हा घरात काय धांदल उडाली! मी लगेच बॅग भरायला घेतली. जोब म्हणाला, "हे काय चाललंय?"

"मी बर्नादेतकडे जाते, मोर्लेला. दोन दिवस."

"का?"

"पोरगी येतेय म्हणून का. ती घरी आली तर?"

"मग सांग तिला."

"तू सांग. बाप तू आहेस."

"माइकवर बोलायचं काम तुझं. मी नुसता पाणी मारणारा."

"जोब, ती मला मावशी म्हणते!"

"म्हणू दे की. मी तर त्या उंदराचा बाप."

असा तो. मी माझे कपडे, चपला, चिकरीचा डबा, सगळं उचललं. तुझ्या बाबांना चिकरी घातलेली कॉफी सहन होत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा डबा पहिला लपवला. शेवटी लक्षात आलं की चौथ्या खुंटीवर माझ्या नावाचा वाडगा टांगलेला आहे. जोबनं तो मला नाताळात दिला होता, केंपेरहून करून आणला होता, दोन कानांचा, निळ्या अक्षरांत "मारिव्हॉन". बॅग बंद झाली होती. मी खुर्चीवर चढून तो कपाटावर, मुरंब्याच्या तांब्याच्या पातेल्यामागे सरकवून दिला. बहिणीकडे जाऊन दोन रात्री तळमळत काढल्या. बर्नादेत म्हणाली, "सोळा वर्षांची असताना तू खिडकीतून पळायचीस, आता घरातून पळतेस. प्रगती आहे."

शनिवारी सकाळी मी मोर्लेहून थेट विमानतळावर आले. तू म्हातारीच्या चाकांपाशी वाकून बघत होतीस. खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या! एनोरा, त्या पट्ट्या मी बघतच राहिले. तू पापा घेतलास आणि विचारलंस, "बाबा कुठेत?"

"घरी असतील," मी म्हटलं.

"घरी नाहीत," तू म्हणालीस.

तुला कसं माहीत, हे विचारायचं मला सुचलंच नाही. माझं सगळं लक्ष जाळीकडे होतं. जाळीपाशीही ते नव्हते. गाइत होती, केरबिरियूबाई चाकाच्या खुर्चीत होत्या, मांडीवर डबा, डब्यात केक. निम्मं गाव होतं. जोब नव्हता. मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या दिल्या की पाद्रीबाबांना सांगायचीही सोय नाही. म्हटलं, पुन्हा दारं लावून बसला असेल कुठे तरी.

तुम्ही पंखे सुरू केलेत. म्हातारी हलली. आणि तू वळण घेतलंस तेव्हा मला दिसलं की बंबाच्या शेडची दारं उघडी आहेत. दोन्ही. भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडी, आत काहीही नाही, नुसती रिकामी फरशी आणि तेलाचे डाग. ती तुला दिसली ना? दिसली असणारच. तू पुन्हा थोडी थांबलीस, तशीच, वळणावर. मी या वेळी विमानात नव्हते तरी मला कळलं.

मग शेडच्या मागून ट्रॅक्टरचा आवाज आला.

विमानतळाचे संचालक ओरडत सुटले, "हे कोण आहे? कोणी परवानगी दिली?" कोणीच दिली नव्हती. एका बाजूनं फांशचा ट्रॅक्टर, मागे फ्लॉवरवर फवारणी करायची टाकी. दुसऱ्या बाजूनं लोमिगचा ट्रॅक्टर, मागे त्याची मोठी पिंपाएवढी टाकी, आणि त्या टाकीवर बसलेला तुझा बाप, जुनं अग्निशमनाचं जाकीट घालून, हातात नळी. ते जाकीट आता पोटावर बंद होत नाही. त्यानं हात वर केला आणि दोन्हीकडून धारा सुटल्या.

फांशची धार स्वच्छ. लोमिगची टाकी तू ओळखली असशील. तो त्यातून डुकरांच्या गोठ्यातलं पातळ खत शेतावर मारतो. आदल्या दिवशी जोबनं त्याला बजावलं होतं, नीट धुऊन आण. लोमिग शपथेवर सांगतो की त्यानं धुतली होती. धुतलीही असेल. पण अशा टाकीच्या तळाशी जे बसलेलं असतं ते धुऊन निघत नाही, धक्क्यानं सुटतं, आणि आपला ट्रॅक्टर तो खड्ड्यांतून उड्या मारत घेऊन आला होता. आधी थोडं पाणी आलं. मग टाकीनं एक उचकी दिली. आणि मग जी तपकिरी कमान उठली, एनोरा, ती म्हातारीच्या नाकापासून शेपटीच्या गोएलाँपर्यंत!

मग वास आला.

संचालकांनी रुमाल नाकाला लावला. केरबिरियूबाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला आवडलं असतं," आणि त्यांनी केकचा डबा घट्ट बंद केला. जोब टाकीवर तसाच उभा. त्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. तीन वर्षं ज्या एका पाण्यासाठी झुरला ते त्यानं शेवटी दिलं, आणि ते हे असं. तो नळी बंद करायचंही विसरला.

तेव्हा तू विमान थांबवलंस. काच पुसायच्या दांड्या सुरू केल्यास, तपकिरी पट्टे इकडून तिकडे गेले. बाजूची खिडकी उघडून डोकं बाहेर काढलंस. तू काय ओरडलीस ते कोणाला कळलं नाही. नाक चिमटीत धरलेलं तेवढं दिसलं. आणि तू हसत होतीस, अगदी तुझ्या आईसारखी, खांदे हलवत.

जोबनं दोन्ही हातांचा कर्णा केला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "खत आहे! वाढशील!"

हेच ते. तुला ऐकू गेलं नसेल म्हणून लिहिलं. तीन वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य.

तुम्ही उडालात. तो टाकीवरून उतरला नाही. म्हातारी समुद्रावर गेली, ढगात गेली, तरी तो तिकडेच बघत होता. लोमिग खालून माफी मागत होता, पुन्हा पुन्हा, रडकुंडीला येऊन. शेवटी जोब म्हणाला, "दांड्या किती पटकन सुरू केल्या तिनं, बघितलंस? घाबरली नाही." आणि खाली उतरून लोमिगच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला. उघड, सगळ्यांसमोर. गाइतलाही रडू आलं. म्हणाली, "हे खरं होतं बाई."

मला वाटलं होतं, मी त्याला घरी सोडून बहिणीकडे परत जाईन आणि चार दिवसांनी गुपचूप बॅग घेऊन येईन. दोघंही घाण वासाचे घरी आलो. दाराशी हायड्रेंजियाच्या कुंडीखालून त्यानं किल्ली काढली. म्हणाला, "कुंडी सरकलेली आहे."

स्वयंपाकघरात टेबलावर तीन वाडगे होते. "जोब", स्वच्छ, त्याच्या जागी. "एनोरा", तळाशी कॉफीचा गाळ, खिडकीकडच्या तुझ्या जागी. आणि "मारिव्हॉन". पातेल्यामागची धूळ पुसून, धुऊन, त्याच्या शेजारच्या जागी. माझे कान लाल झाले. जोब माझ्याकडे बघायला लागला आणि मी जमिनीकडे.

तुला कुठून कळलं हे मी विचारणार नाही. लाकडी जमिनीचं कुरकुरणं, चुलीवरच्या फळीची धूळ, सूप, मीठ, मी मेली काय काय लिहून बसले होते! तू वाचत होतीस आणि मला वाटत होतं मी लपवतेय. चौथी खुंटीसुद्धा मी मोकळीच सोडून गेले, आणि वर पातेलं सरकलेलं.

मी खुर्चीत बसले. खरंच बसले. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा मी एका जागी बसले आणि उठले नाही. जोबनं कॉफी केली आणि माझ्या वाडग्यात, नाक मुरडत, चिकरी घातली.

तुझी आई माझी मैत्रीण होती. तिची जागा मी घेतलेली नाही, तिची खुंटी दुसरी आहे आणि तिचा वाडगा तिथेच आहे. हे मला तुला तोंडानं सांगायचं होतं, जमलं नाही. तू काहीच न बोलता सांगून गेलीस, ते माझ्यापेक्षा बरं केलंस.

तुझा वाडगा मी धुतलेला नाही. गाळ तसाच आहे, टेबलावर, खिडकीकडे. जोब धुवायला निघाला होता, मी हात धरला. या घरात आपापला वाडगा जो तो धुतो. सुटी कधी मिळते ते बघ आणि येऊन धू.

मावशी म्हण किंवा दुसरं काही म्हण, पण हाक मार.

तुझी,
मारिव्हॉन, चौथ्या खुंटीवरची